रुपयाचे डॉक्टर आणि भंडाऱ्याचे विणकर

१९५४च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर उभे होते आणि त्यांच्यासमोर डॉ. भीमराव आंबेडकर. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, आंबेडकर मात्र पडले. या पराभवाची राजकीय चिरफाड भरपूर झाली आहे. एक गोष्ट मात्र त्या चर्चेत सहसा येत नाही. धानाच्या आणि कोशाच्या या जिल्ह्याने ज्याला नाकारले, तो उमेदवार सरकारी तिजोरी आणि रुपया या दोन विषयांवर दोन वेगवेगळ्या विद्यापीठांची डॉक्टरेट मिळवलेला माणूस होता. आज ज्याला बिझनेस स्कूलमधले 'फायनान्समधले संशोधन' म्हणतात, त्याचा मराठी माणसापुरता इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

भंडाऱ्याच्या उत्तरेला मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. विणकरांचे गाव. कोष्ट्यांचे माग, रेशीम-किनारीचे कापड, कोशाचे धागे, करवतकाठी लुगड्यांचा हा पट्टा. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ साली निघाले. याच रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्यासोबत १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोष्ट्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी विणकराची जात, चालीरीती, देवदैवते बारकाईने टिपली. त्याने सूत कोणाकडून उधार घेतले, किती व्याजाने, तयार लुगडे कोणाच्या ओट्यावर जमा केले आणि हातात मजुरी म्हणून काय उरले, या हिशेबाकडे मात्र त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. तो हिशेब मांडायला वेगळ्या विद्येची गरज होती. ती विद्या तेव्हा न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकवली जात होती.

सयाजीराव गायकवाडांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३च्या जुलैमध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. तिथे त्यांना एडविन सेलिगमन भेटले. सार्वजनिक वित्त या विषयातले ते त्या काळातले मोठे नाव, आणि श्रीमंतावर चढत्या दराने आयकर बसवावा या मताचे खंदे समर्थक. १९१५ साली आंबेडकरांनी एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर छोटा प्रबंध लिहिला. पीएच.डी.साठी त्यांनी हाती घेतलेला विषय पुढे 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' या नावाने पुस्तकरूपात आला.

विषय ऐकायला रुक्ष वाटतो. भंडाऱ्याच्या बाजूने पाहिले की त्यातला ओलावा कळतो.

१८७०च्या १४ डिसेंबरला लॉर्ड मेयोंच्या सरकारने एक ठराव केला. तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, नोंदणी, छपाई, रस्ते आणि सरकारी इमारती एवढी खाती प्रांतांकडे द्यायची आणि त्यांच्या खर्चासाठी ठरावीक रक्कम कलकत्त्याहून पाठवायची. म्हणजे मोहाडीची शाळा, तुमसरकडे जाणारा रस्ता आणि भंडाऱ्याचे पोलीस ठाणे या सगळ्यांचा खर्च आता नागपूरच्या हिशेबात धरला जाणार होता. पण पैसा उभा कुठून होत होता? शेतकऱ्याच्या जमीन महसुलातून, मिठावरच्या करातून आणि अबकारीतून. मध्य प्रांतात महसुलाचा करार मालगुजाराशी होत असे. मालगुजार कुळाकडून वसूल करायचा आणि सरकारी हप्ता भरायचा. ज्यांच्या नावाने आजही 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव भंडारा-गोंदियात ओळखले जातात, ते हेच मालगुजार.

आंबेडकरांनी या पन्नासेक वर्षांच्या इतिहासाचे तीन टप्पे पाडले. १८७१पासून १८७७पर्यंत प्रांतांना नेमून दिलेली रक्कम मिळे. पुढची पाच वर्षे रकमेच्या जोडीला काही महसुलाची खाती नेमून दिली गेली. १८८२पासून १९२१पर्यंत महसुलाची वाटणी झाली, आधी दर पाच वर्षांनी बदलणारी, १९०४मध्ये जवळजवळ कायम आणि १९१२मध्ये कायमची. तक्त्यांमागून तक्ते त्यांनी मांडले आणि मध्य प्रांत हा त्या तक्त्यांमधला एक रकाना झाला. पहिल्याच टप्प्यातली एक गफलत त्यांच्या नजरेतून सुटली नाही. नेमून दिलेली रक्कम आधीच्या खर्चावर बेतलेली होती. ज्या प्रांतावर आधी भरपूर खर्च झाला होता, त्याच्या पदरात जास्त पडले. ज्याच्यावर आधीपासूनच कमी खर्च झाला होता, त्याची उपेक्षा आता नियम बनून बसली. मागासलेला भाग मागासलेला का राहतो, याचे एक उत्तर हिशेबाच्या वहीतच सापडते हे त्यांनी दाखवले. आणखी पुढे जाऊन त्यांचा निष्कर्ष असा, की 'प्रांतिक वित्त' हे नाव मोठे असले तरी कायद्याने सगळा पैसा आणि सगळी सत्ता केंद्राकडेच होती. प्रांतांना मिळाली होती ती हिशेब ठेवण्याची सोय. जमिनीवरच्या कराने शेती दबली, मीठकराने गरिबाची थाळी महाग झाली आणि जकातीच्या धोरणाने इथल्या उद्योगाचा गळा आवळला, हे त्यांनी संशोधकाच्या थंड भाषेत लिहिले. ती भाषा थंड असल्यामुळेच आज ते वाचताना जास्त टोचते.

पदवीची कहाणी मात्र थंड नाही. कोलंबियाहून आंबेडकर पुढे लंडनला शिकायला गेले होते. शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपली आणि १९१७ साली तिथले शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. ते स्वतः सुखरूप पोहोचले, पण त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते पाणतीराने बुडाले आणि जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. कोलंबियाचा नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा केल्याशिवाय पदवी मिळायची नाही. छपाईला पैसा लागतो. लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशकाने पुस्तक काढले ते १९२५ साली, सेलिगमन यांच्या प्रस्तावनेसह आणि सयाजीरावांना अर्पण केलेले. पीएच.डी. हाती आली ८ जून १९२७ रोजी. प्रबंध पुरा झाल्यापासून पदवी मिळेपर्यंत जवळपास एक दशक उलटले. 'व्हायवा झाला पण नोटिफिकेशन आले नाही' म्हणून कुरकुरणाऱ्या आजच्या संशोधकांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

मधल्या काळात आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२०. पगार महिना साडेचारशे. सिडनहॅम १९१३ साली सुरू झाले होते आणि वाणिज्य शिकवणारे ते आशियातले सर्वांत जुने महाविद्यालय मानले जाते. बिझनेस स्कूलच्या कल्पनेला त्या काळात मुंबईत सर्वांत जवळची संस्था हीच. तिथे बी.कॉम. होते, संशोधनाची पदवी नव्हती. शिकवणाऱ्याला पुढचे संशोधन करायचे तर बोट पकडून पुन्हा लंडन गाठावे लागे. पगारातली बचत, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज अशी जुळवाजुळव करून आंबेडकर १९२० साली निघाले. वित्तावरचे संशोधन कर्ज काढून झाले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन होते आणि विषय होता रुपया. इथे जरा थांबावे लागते, कारण १८७० ते १९२५ या काळात रुपयाची काय दशा झाली हे कळल्याशिवाय विणकराच्या घराचा हिशेबही कळत नाही.

रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७०च्या दशकापासून जगात चांदी स्वस्त होत गेली आणि रुपयाही तिच्यासोबत घसरला. १८७१-७२ साली एका रुपयाला सुमारे २३ पेनी मिळत, १८९२-९३ साली जेमतेम १५. लंडनला 'होम चार्जेस' म्हणून जी रक्कम पाठवावी लागे ती सोन्यात, म्हणजे तेवढेच पौंड पाठवायला दरवर्षी जास्त रुपये लागायचे. ते रुपये यायचे करांतून. १८९३च्या २६ जूनला सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. पुढे एका रुपयाला १ शिलिंग ४ पेनी, म्हणजे पौंडाला १५ रुपये असा दर बांधला गेला. देशात नाणे चांदीचे, त्याला टेकू सोन्याचा आणि सोने मात्र बरेचसे लंडनमध्ये, अशी ही व्यवस्था होती. १९१३ साली जॉन मेनार्ड केन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात तिची पाठराखण केली.

आंबेडकरांनी केन्स यांच्याशी उघड मतभेद मांडला. त्यांचा आक्षेप असा, की या व्यवस्थेत सरकारने किती रुपये काढावेत याला काही बंधनच नाही. रुपयांची संख्या वाढली की देशातल्या किमती वाढणार. किमती वाढल्या की व्यापाऱ्याचा माल महाग विकतो, मजुराची मजुरी मात्र मागे राहते. बाहेरच्या हुंडणावळीचा दर स्थिर राहतो की नाही यापेक्षा देशातल्या किमती स्थिर राहतात की नाही हे त्यांना जास्त महत्त्वाचे वाटले. घसरत्या रुपयाचा फायदा सांगणाऱ्यांना त्यांनी विचारले, फायदा कोणाचा? त्यांचे उत्तर होते, एका वर्गाचा, दुसऱ्याच्या खिशातून.

आंधळगावच्या विणकराला हे लागू करून पाहावे. गिरणीचे किंवा विलायती सूत आणि बाहेरून येणारे रेशीम तो विकत घेतो. रुपया स्वस्त झाला की आयात धागा महाग. रुपया महाग झाला की धागा स्वस्त, पण मँचेस्टरचे कापडही स्वस्त आणि ते बाजारात त्याच्या लुगड्यासमोर येऊन उभे राहते. शिवाय नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ सालीच सुरू झाली होती. हुंडणावळीचा आकडा लंडनमध्ये ठरे आणि त्याची झळ विणकराच्या दारात पोहोचे. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध याच साखळीचा अभ्यास आहे.

१९२२च्या ऑक्टोबरमध्ये प्रबंध सादर झाला. परीक्षकांना तो जसाच्या तसा रुचला नाही आणि त्यांनी फेरलेखन करायला सांगितले. हाताशी पैसे उरले नव्हते. आंबेडकर भारतात परतले आणि सुधारलेला प्रबंध पाठवला. निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३च्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली, त्याच सुमारास पुस्तकही निघाले. कॅनन यांची प्रस्तावना मजेशीर आहे. आपले बऱ्याच बाबतींत लेखकाशी पटत नाही हे त्यांनी त्यात सरळ सांगितले आहे आणि तरीही विचारांच्या ताजेपणाची दाद दिली आहे. मार्गदर्शकाला पटत नसतानाही प्रबंध पास होतो, ही संशोधनातली चैन प्रत्येकाच्या नशिबी नसते.

१९२५च्या डिसेंबरमध्ये भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांची साक्ष झाली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. यावरून 'रिझर्व्ह बँक आंबेडकरांच्या पुस्तकातून जन्मली' असे हल्ली सर्रास म्हटले जाते. ते अतिशयोक्त आहे. साक्षीदार अनेक होते. आंबेडकरांचा प्रबंध तर चलन चालवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर विश्वास ठेवायला तयार नाही. रुपये किती काढायचे यावर पक्की मर्यादा हवी, असा त्याचा रोख आहे. मोठ्या माणसाच्या नावावर संस्था चढवण्यापेक्षा त्याचा युक्तिवाद वाचणे अधिक सन्मानाचे ठरते. रिझर्व्ह बँकेत काम केलेले अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांनी १९९०च्या दशकात हा दुर्लक्षित युक्तिवाद पुन्हा चर्चेत आणला, ही मोलाची गोष्ट.

मराठी मुलखात याच सुमारास आणखी एक संशोधक तयार होत होता. धनंजयराव गाडगीळ. जन्म १९०१, नाशिक, शाळा नागपूरची. केंब्रिजला लिहिलेल्या त्यांच्या प्रबंधाचे पुस्तक १९२४ साली आले, भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचे. हस्तोद्योगांची पडझड आणि त्यातही टिकून राहिलेला हातमाग हे त्यातले महत्त्वाचे विषय. भंडाऱ्यापासून फार दूर नसलेल्या शहरात वाढलेल्या मुलाला हा विषय निवडताना पोथ्या धुंडाळाव्या लागल्या नसतील. १९३० साली रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. आंबेडकरांच्या संशोधनाचे साहित्य म्हणजे सरकारी निळी पुस्तके आणि संसदेची कागदपत्रे. गाडगीळांच्या संस्थेने दुसरी वाट धरली. प्रश्नावली घेऊन घरोघर जायचे, कर्ज किती, कोणाचे, कशासाठी, हे विचारायचे. १९२९-३०मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी बँकिंग चौकशी समितीही बसली होती. सावकार, सहकारी पतपेढ्या, बिनकागदी उधारी या सगळ्या गोष्टी सरकारदरबारी पहिल्यांदा इतक्या तपशिलाने मांडल्या जाऊ लागल्या. गाडगीळांनी पुढे शेतीच्या पतपुरवठ्यावरच्या समितीचे अध्यक्षपद भूषवले आणि नियोजन आयोगात असताना राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे जे सूत्र १९६९ साली ठरले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. प्रांताला किती आणि कोणत्या निकषाने, हा मेयोंच्या काळातला प्रश्न इथे पुन्हा डोके वर काढतो. वित्त आयोगही दर पाच वर्षांनी तोच सोडवतो. पहिला आयोग १९५१ साली क्षि. चं. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली बसला.

इथपर्यंत 'फायनान्स' म्हणजे सरकारचा पैसा, चलन आणि सावकारी. मग विषयाने कूस बदलली.

बदल अमेरिकेत झाला. शिकागो विद्यापीठाने १९२० साली व्यवसाय-शिक्षणात पीएच.डी. सुरू केली होती, पण तिला वजन यायला वेळ लागला. हॅरी मार्कोविट्झ या विद्यार्थ्याने शेअरची निवड करताना नफ्यासोबत जोखीमही कशी मोजावी याचे गणित मांडले. १९५२ साली त्याचा लेख आला आणि शिकागोत प्रबंधाचा बचाव करताना मिल्टन फ्रीडमन यांनी त्याला चिमटा काढला की हे अर्थशास्त्र नाही, गणित नाही आणि व्यवसाय-प्रशासनही नाही. मार्कोविट्झला पदवी मिळाली आणि १९९० साली नोबेलही. १९५८ साली मोदिग्लियानी आणि मिलर यांनी कंपनीच्या भांडवलरचनेवर प्रसिद्ध निबंध लिहिला. १९५९मध्ये फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांच्या अहवालांनी अमेरिकी बिझनेस स्कूलांना फटकारले की तुमच्याकडे संशोधनाचा दर्जा नाही. त्यानंतर फायनान्स हा बिझनेस स्कूलचा मानाचा विषय झाला. तिजोरी मागे पडली, कंपनी आणि शेअरबाजार पुढे आले.

भारतात ही लाट १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबादच्या आयआयएम संस्थांमधून शिरली. मुंबई विद्यापीठात १९६५ साली जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था स्टॅनफर्डच्या सहकार्याने उभी राहिली. १९७१ साली आयआयएमनी डॉक्टरेटच्या तोडीचा 'फेलो प्रोग्राम' सुरू केला. 'फेलो' म्हणायचे, 'डॉक्टर' म्हणता यायचे नाही, कारण संस्था विद्यापीठ नव्हत्या. २०१७चा आयआयएम कायदा जानेवारी २०१८पासून लागू झाला आणि हा तिढा सुटला. नागपूरला आयआयएम आले २०१५ साली, सुरुवातीला अहमदाबादच्या देखरेखीखाली.

संशोधनाचा कच्चा मालही बदलला. १९९२ साली सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, १९९४मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात व्यवहार सुरू झाले आणि मुंबईच्या सीएमआयईने कंपन्यांच्या ताळेबंदांचा 'प्रोवेस' हा माहितीसाठा उपलब्ध केला. खुर्ची न सोडता हजारो कंपन्यांचे आकडे चाळता येऊ लागले. प्रबंध भराभर निघू लागले आणि चांगलेही निघाले. पण प्रोवेसमध्ये कंपन्या असतात. आंधळगावचा माग तिथे सापडत नाही.

भंडाऱ्यातून वाणिज्याची पदवी घेतलेल्या मुलामुलीसाठी डॉक्टरेटची रूढ वाट नागपूर विद्यापीठाकडे जाते. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेतून किंवा नेटमधून पार व्हायचे, मार्गदर्शकाची जागा रिकामी आहे का हे पाहायचे, सिनॉप्सिस समितीपुढे मांडायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट आणि किमान तीन वर्षे लागतात, कमाल सहा. विदर्भातल्या वाणिज्य शाखेत जिल्हा मध्यवर्ती बँकेची कामगिरी, बचत गट, पीककर्ज हे विषय नित्याचे. मोठ्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक अशा विषयांकडे भुवया उंचावून पाहतात, कारण गणित साधे असते. काही वेळा ते खरेही असते. प्रश्नावलीतली टक्केवारी काढून थांबलेले प्रबंध कमी नाहीत. पण गाडगीळांची घरोघरची प्रश्नावलीही साध्या गणिताचीच होती.

करण्यासारखे काम समोरच पडले आहे. केंद्र सरकारच्या वीव्हर्स मुद्रा योजनेत हातमाग विणकराला ६ टक्के व्याजाने कर्ज मिळते, फरकाचा भार सरकार सोसते. २०१९-२०च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक विणकर आणि पूरक कामगार नोंदले गेले. यांपैकी मोहाडी तालुक्यातल्या किती जणांनी हे कर्ज घेतले? घेतलेल्यांनी व्यापाऱ्याची उधारी फेडली की सूत भरले? न घेतलेल्यांना बँकेने नाकारले, की सूत देणाऱ्या व्यापाऱ्याला दुखावण्याची भीती वाटली? कोशाचा दर वर गेला की मजुरी किती दिवसांनी वर जाते? याची उत्तरे कुठल्याच विकत मिळणाऱ्या माहितीसाठ्यात नाहीत. ती सहकारी सोसायटीच्या खतावणीत, व्यापाऱ्याच्या वहीत आणि विणकराच्या घरातल्या बाईच्या डोक्यात आहेत. पाजणी करणारी आणि कांड्या भरणारी तीच, आणि उधारी किती उरली हेही बहुतेकदा तिलाच ठाऊक असते.

रुपयाचा विनिमय दर आता बाजार ठरवतो आणि गरज पडेल तिथे रिझर्व्ह बँक हात घालते. आयात रेशमाची किंमत अजूनही त्याच दरावर हलते. १९२३च्या प्रबंधातला प्रश्न म्हणून शिळा झालेला नाही. रुपया घसरला की करवतकाठीच्या मागावर नेमका कोण पैसे मोजतो, हा सिनॉप्सिस नागपूरच्या समितीसमोर अद्याप मांडता येण्याजोगा आहे.